दोष टँकरच्या पाण्याचा

८ फेब्रुवारी, सोमवार

लॅबमध्ये पाणी नाही. टँकर चितेगावपाशी बंद पडलाय म्हणे. डिस्टिल्ड पाण्याचा प्लांट बंद, नळ्या तशाच खरकट्या, फरहाना ओढणी कमरेला खोचून नुसती बसलेली. लॅबची सगळी टेक्निशियनगिरी तिच्याकडं, पण पाण्याशिवाय ती तरी काय करणार. त्यात सरांनी बोलावलं. आता कसली भानगड म्हणून गेले, तर म्हणाले, "सुजाता, पेपर घेतला जर्नलनं."

रडले. त्यांच्यासमोरच, येड्यासारखी. सरांनी खुर्ची पुढं सरकवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. डिपार्टमेंटचे हेड, माझ्या पीएच.डी.चे गाइड, एवढा मोठा डॉक्टर माणूस, पण रडणाऱ्याला रडू देतात. माणूस चांगला.

दादाला फोन लावला. सेकंड शिफ्टच्या बसमध्ये चढत होता. "छापून येणार? आपलं आडनाव?" एवढंच बोलला. मग बसमधल्या सगळ्यांना सांगितलं असणार, मागं शिट्ट्या ऐकू आल्या.

१४ फेब्रुवारी, रविवार

बजाजनगरला दादाकडं पेढे घेऊन गेले. दादानं निम्मे गल्लीतच संपवले. त्याची शिफ्टची मंडळी आली होती. दोन वर्षांमागं आमच्या निरोगी गटासाठी ह्यांनीच रक्त दिलेलं. वाळूजच्या कंपनीतून दादा रविवारी टेम्पो भरून घेऊन आला होता सगळ्यांना, पोह्यांच्या कबुलीवर. तेव्हा त्यांना समजावलेलं: पोटामागं स्वादुपिंड असतं. ते बिघडायला लागलं की बोंब मारत नाही, बोंब मारतं तेव्हा कॅन्सर होऊन उशीर झालेला असतो. म्हणून त्याच्या आधीच रक्तात एक एन्झाइम वाढतं का, ते आम्ही बघतोय. नळीत पिवळा रंग येतो. निरोगी माणसाचा फिका, बिघाडवाल्याचा हळदीच्या पाण्यागत. दादा म्हणाला होता, "स्वादुपिंड! नाव तर लई चवदार हाय."

आज त्यातल्या एकानं विचारलं, ताई, आमचं रगत पास झालं का? म्हटलं, सगळे पास. तुमच्यामुळंच तर पेपर झाला. दोन्ही गटांच्या मधोमध स्वच्छ रेघ आली, इकडचा तिकडं नाही.

वहिनी ओट्याशी हळूच म्हणाली, ह्यांचे शर्ट बघा ताई, खुंटीला अडकवल्यागत दिसतात. दिवाळीच्या सुमारास कंपनीच्या तपासणीत साखर निघाली. सरांनी गोळ्या दिल्यात. सर आमच्या घरचेच. दादा आमच्याकडं दुसऱ्या कुठल्या डॉक्टरचं नाव काढू देत नाही.

२९ फेब्रुवारी, सोमवार

सरांशी दादाबद्दल बोलले. आमच्यात कुणाला साखर नाही, माय-बाप दोघांनाही नव्हती. हा माणूस काटकुळा. पन्नाशीनंतर एकदम साखर आणि वजन उतरतंय, अशा माणसाच्या स्वादुपिंडाकडं एकदा बघावं, हे मला सरांनीच शिकवलंय. सर म्हणाले, शिफ्ट ड्यूटी, टेन्शन. कंपन्यांचं पाणी कापलंय, माणसं कमी करायच्या गोष्टी चालल्यात, साखर वाढणारच.

सरांनी आयुष्यभर पेशंट बघितलेत, मी नळ्या बघितल्यात. पटवून घेतलं.

संध्याकाळी सोसायटीत टँकरवरून रामायण. समोरच्या नव्या बिल्डिंगला आमच्याआधी टँकर. सातारा परिसरात, शहराच्या ह्या कडेला नळ नाही, रस्ता नाही, फ्लॅट मात्र रोज नवे. मी पण भांडले. बरं वाटलं.

११ मार्च, शुक्रवार

प्रूफं आली. संपादकाचा एकच प्रश्न. आम्ही लिहिलंय, "पाण्याच्या दोषामुळे निरोगी गटातला एक नमुना वगळला." म्हणजे नेमकं काय, विचारतोय. आता ह्या परदेशी बाबाला काय सांगू, आमच्याकडं पाणी चाकावर येतं म्हणून! एकटीच हसले.

ते वाक्य सरांनी घातलेलं. तो नमुना लावला तेव्हा मी पुण्याला ट्रेनिंगला होते. परत आल्यावर सर म्हणाले होते की त्या दिवशी टँकरचं पाणी होतं, प्लांटमधून क्षार उतरले, कोऱ्या नळीलासुद्धा रंग आला, म्हणून एक नमुना वाया गेला. कोऱ्या नळीत रक्त नसतंच, नुसतं पाणी आणि औषध. तिला रंग आला म्हणजे दोष पाण्याचा, ह्यात शंका नाही. तशीही आम्ही उन्हाळ्यात सगळ्याचं खापर टँकरवरच फोडतो. चहा बिघडला, टँकर. केस गळाले, टँकर.

उत्तर नीट लिहायचं तर फरहानाला विचारायला हवं, कोऱ्या नळीला रंग कितपत आला होता. ती रजेवर. सोमवारी.

१४ मार्च, सोमवार

विचारलं.

फरहाना नळ्या लावत होती, थांबली. "कोरी नली तो साफ थी मॅडम. बाकी के भी सब बराबर थे. एकीच पिली हुई." मग सरांनी तिला विकतच्या डिस्टिल्ड पाण्यात परत लावायला सांगितली. परत पिवळी. आणखी एकदा लावली. तशीच.

कुणाची होती, विचारलं. नंबरामागची नावं फक्त सरांकडं असतात, तिला कळायचं कारणच नाही. ती माझ्याकडं बघेना. "सर बोले थे, मॅडम के भाई का है, ध्यान से लगाना. मेरेकू लगा तुमकू मालूम है."

पुढचं काही ऐकू आलं नाही. ती पाणी घे म्हणत होती बहुतेक.

१५ मार्च, मंगळवार

सर मुंबईला, शुक्रवारी येणार. रजा टाकली. घरात नुसत्या फेऱ्या.

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. दोन वर्षं! ह्या दोन वर्षांत हा माणूस बजाजनगरला जाऊन वहिनीच्या हातचं शेंगोळं खाऊन आलाय. जमिनीवर मांडी घालून. दादाच्या पाठीवर थाप मारून, "काय पैलवान" म्हणून. चला, तेव्हा एन्झाइमची चाचणी कच्ची होती, मान्य. पण दिवाळीत साखर निघाली तेव्हा? मी स्वतः तोंडानं विचारलं तेव्हा? तेव्हा तरी जीभ उचलायची होती. शिफ्ट ड्यूटी म्हणे.

आणि मी पेढे वाटून आले. सगळे पास.

१८ मार्च, शुक्रवार

सरांची केबिन. दार मीच लावलं. वाटलं होतं नाही म्हणतील, फरहानाच्या अंगावर ढकलतील. तसं काही नाही. शांतपणे म्हणाले, हो, त्याचीच होती. एका नळीवरून धडधाकट माणसाला काय सांगायचं? घाबरवून सोडायचं? उद्या काहीच निघालं नाही तर जन्मभराचा घोर लावला असता.

म्हटलं, ठीक. मग नमुना आत ठेवायचा. निरोगी म्हणून आलेल्या एकाचा आकडा वर गेला, असं लिहायचं. काढला कशाला? आणि पाण्याचं नाव कशाला घेतलं?

"ठेवला असता तर रेघ राहिली नसती. पेपर कुणी घेतला नसता. तुझंच काम होतं ते, सुजाता."

म्हणजे वर उपकार माझ्यावरच. अंगाचा नुसता भडका उडाला. काय काय बोलले आठवत नाही, आवाज बाहेर गेला असणार, शिपाई उगाच दारात घुटमळत होता. निघाले तर मागनं म्हणाले, "मी परस्पर नाही केलं. त्याला विचारलं होतं."

जिन्यात आल्यावर समजलं कुणाला ते.

२० मार्च, रविवार

बजाजनगर.

"व्हय, मीच म्हणलो काढा." दादा असा बोलला की जणू मी आभार मानायला आलेय. मी पुण्याला असताना सर घरी आले होते. म्हणाले, तुझा नमुना पाण्यानं खराब झालाय, ठेवला तर ताईचं काम अडकेल. दादा म्हणाला, अडकतंय तर फेका की, रगत काय, पुन्हा भरतंय. वर त्यानंच बजावलं, तायडीला सांगू नका, माझं रगत कामी आलं नाय म्हणून तिला वाईट वाटंल. दोन वर्षं मनातल्या मनात खूश होता, बहिणीचं काम अडू दिलं नाही म्हणून.

मग सांगितलं. पाणी चांगलं होतं. चांगल्या पाण्यातही नळी पिवळीच झाली. वहिनी गहू निवडत होती, ताट खाली ठेवलं तिनं.

वाटलं दादा सरांना शिव्या घालेल. माझ्यावरच उखडला. "लॅब तुझी, औषध तुझं, आन् तुलाच ठावं नाय व्हय?" मग थोडा निवला. म्हणाला, सरांनी चांगल्यासाठीच केलं असंल, शिकल्यासवरल्या माणसाला कळतं कवा काय सांगायचं. वहिनी मधे बोलली, आपल्याला येडं ठरवलं त्यांनी, तुम्ही कसलं चांगलं घेऊन बसलात. तिला गप्प केलं त्यानं. आपलेच दात, आपलेच ओठ.

सीटी स्कॅनला तेवढा हो म्हणाला. माझ्यासाठी म्हणून.

२७ मार्च, रविवार

सीटीत काही नाही. दादानं गल्लीत सांगून टाकलं. मला म्हणाला, बघ. सरांचा पण मेसेज, "बरं झालं. आता डोक्यातून काढ."

काढलं असतं. पण पेशींचा एवढासा बदल सीटीत दिसतच नाही, त्यासाठी तर आम्ही एन्झाइमच्या मागं लागलो. तोंडातून दुर्बीण घालून आतून सोनोग्राफी करतात, त्यात दिसलं तर दिसेल. दादा म्हणतो आता बास, सुट्ट्या संपल्या.

३ एप्रिल, रविवार

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

माझं एन्झाइम खरं असेल तर दादाच्या पोटात दोन वर्षांपासून काहीतरी शिजतंय. दादाच्या पोटात काही नसेल तर माझं एन्झाइम खोटं, निरोगी माणसालाही पिवळं करणारं. मग ती रेघ खोटी, पेपर खोटा, आणि माझी सगळी उमेदीची वर्षं त्या नळ्यांत गेली ती फुकट. तिसरी वाट नाही. पाणी चांगलं होतं.

आज दिवसभर एकच धरून बसले: खोटं ठरू दे. माझं सगळं काम खोटं ठरू दे, भर सभेत थुंकोत लोक. खोटं ठरू दे.

दादा आयटीआय करून वाळूजला लागला म्हणून मी एम.एस्सी.ला गेले. त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. मीच मधूनमधून विसरते.

६ एप्रिल, बुधवार

सरांनी संपादकाला परस्पर उत्तर पाठवलं. "दुष्काळी परिस्थितीत स्थानिक पाणीपुरवठ्यातील अडचण." किती सभ्य वाक्य! त्याचं समाधान झालं म्हणे. खाली दोघांची नावं. मला प्रत आली तेव्हा कळलं.

वेगळं पत्र लिहायला बसले, की एक नमुना काढलाय आणि कारण खोटं दिलंय. अर्ध्यात थांबले. आधी दादाची तपासणी, मग काय ते. हे पत्र गेलं की नोकरी जाईल, सर जातील, फरहानाला पण ओढतील. जाऊ दे म्हणवत नाही. पाठव म्हणवत नाही.

लॅबमध्ये सर माझ्याशी पहिल्यासारखंच बोलतात. मी तेवढ्यास तेवढं.

१४ एप्रिल, गुरुवार

क्रांती चौकात दरवर्षी दादाबरोबर. जयंतीच्या मिरवणुकीत त्याला कधी खाली बसलेलं बघितलं नाही, ढोलवाले थकतात पण हा थकत नाही. आज दुकानाच्या पायरीवर बसला. पाठ धरली होती दोन्ही हातांनी. म्हटलं दुखतंय का, तर म्हणे गर्दीनं. ओळखीचे येऊन जय भीम करत होते, हा बसूनच हात वर करत होता.

वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, ताई, जेवण झालं की पाठीत कळ येते ह्यांना, महिना झाला. तुम्ही काहीपण करा, पाया पडा, भांडा, पण न्या यांना.

पाठीत कळ. जेवल्यावर. स्वादुपिंडाची कळ अशीच येते, आता मला पुस्तक उघडायची गरज नाही.

१७ एप्रिल, रविवार

भांडले. पाया पण पडले. शेवटी तयार झाला, एका अटीवर. "सर संगं येत असले तर येतो."

म्हटलं, दादा, त्यांनी तुला फसवलं. साधं नाही, तुझ्या तोंडून हो म्हणवून घेऊन फसवलं.

"असंल," म्हणाला. "पण ते असले की मला भ्या वाटत नाय. तू असलीस की वाटतं. तुझं तोंड बघूनच वाटतं."

घरी येताना बसमध्ये तोंडावर रुमाल धरून बसले. माझ्या तोंडाची भीती वाटते त्याला. मी तर काहीच लपवलं नव्हतं त्याच्यापासून, एकटी मीच.

सरांना फोन केला. सहज हो म्हणाले, तारीखपण तेच ठरवतो म्हणाले, तिथले डॉक्टर ओळखीचे. थँक्यू म्हणावं लागलं.

२८ एप्रिल, गुरुवार

सकाळी जालना रोडचं हॉस्पिटल, दुर्बिणीच्या सोनोग्राफीला. दादा उपाशीपोटी, तरी रिसेप्शनच्या पोरीची थट्टा चालूच. वहिनीला घरीच थांबवलं त्यानं, तू रडशील म्हणून. सर वेळेवर आले. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. दादा उठून उभा राहिला त्यांच्यासाठी.

नर्सनं विचारलं, पेशंटबरोबर आत एक जण चालेल, कोण येतंय? मी पर्स खांद्याला लावली होती. दादा म्हणाला, "सर येतील." माझ्याकडं बघितलं नाही. दारापाशी थांबून सरांच्या कानाशी काहीतरी बोलला. सरांनी मान हलवली. दार लागलं.

बाहेर बसले. दादा काय बोलला असेल, ते मला न ऐकता माहीत आहे. मागच्या वेळी पण तेच बोलला होता, तायडीला सांगू नका.

सर बाहेर आले. चेहरा नेहमीचा. "घाबरण्यासारखं काही नाही."

मी विचारलं, "काही नाही, की घाबरण्यासारखं नाही?"

म्हणाले, रिपोर्ट उद्या मिळेल, बघशीलच की. आधी चहा घेऊ. म्हटलं, सर, हे तुम्हाला दिसलं म्हणून सांगताय की त्यानं सांगायला सांगितलं म्हणून? ते चष्मा पुसत राहिले. तिथल्या डॉक्टरांना गाठायला धावले तर ते पुढच्या पेशंटला आत गेलेले. नर्स म्हणाली, तपासायला तुकडा काढलाय का ते मला माहीत नाही मॅडम, उद्या या.

दादा गुंगीत होता. हलवून विचारलं. डोळे न उघडता म्हणाला, सरांना विचार.

दुपारी रिक्षानं बजाजनगरला आणलं. सर गाडीनं सोडतो म्हणत होते, मी नको म्हटलं. दादाला झोपवलं. वहिनीनं हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, दार लोटलं.

"ताई, खरं सांगा. काय निघालं?"

म्हटलं, "सर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही."

ह्यात एक शब्द खोटा नव्हता. सर तसंच म्हणाले होते.

वहिनीनं डोळ्याला पदर लावला. म्हणाली, त्यांचं मला काही सांगू नका, पण तुम्ही म्हणताय ना, मग झालं. ताट घेतलं आणि जेवायला बसली. दादाबरोबर सकाळपासून तीपण उपाशीच होती.